शिष्यवृत्तीचा रुपया आणि आपली जबाबदारी

दरवर्षी स्मरणिकेत आपण गुणवंत विद्यार्थ्यांचे फोटो छापतो, त्यांचे हार्दिक अभिनंदन करतो. ते केलेच पाहिजे. परंतु बारावीला चांगले गुण मिळवूनही ज्यांचे नाव पुढे पदवीधरांच्या यादीत दिसत नाही, त्या मुलामुलींचे काय झाले याची चौकशी आपण क्वचितच करतो. आम्ही गेली वीस वर्षे बँकेच्या काउंटरवर बसून ही मुले पाहत आहोत. त्यांच्यापैकी पुष्कळांची बुद्धी कमी पडलेली नाही, पैसा वेळेवर पोहोचलेला नाही. म्हणून शिष्यवृत्तीविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे वाटते.

बाबासाहेबांचे उदाहरण

एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना केळुसकर गुरुजींच्या प्रयत्नाने बाबासाहेबांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून दरमहा २५ रुपये मिळू लागले. १९१३ साली अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता मंजूर झाली. कोलंबिया विद्यापीठातून १९१५ मध्ये ते एम.ए. झाले व १९१६ मध्ये लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले.

हा प्रसंग आपण नीट ध्यानात घ्यावा. ज्यांच्या विद्वत्तेपुढे पुढे जगाने मान लवविली, त्यांचेही शिक्षण पैशाअभावी तीन वर्षे थांबले! सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून काटकसरीने साठविलेली रक्कम, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज अशी जुळवाजुळव करून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले व १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. तात्पर्य, बुद्धी आणि जिद्द असली तरी मदतीत खंड पडला की आयुष्यातील मोलाची वर्षे खर्ची पडतात.

आपल्या वाट्याला आलेले कष्ट इतरांच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४२ साली, बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी दरसाल तीन लाख रुपयांची मागणी केली. १९४४ पासून केंद्र सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. जे एका महाराजांच्या औदार्यावर अवलंबून होते, ते हक्काचे झाले. १९५६ च्या धर्मांतरानंतर केंद्राच्या सवलतींसाठी बौद्धांना झगडावे लागले. अखेर १९९० साली दुरुस्ती होऊन अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही केंद्राने अनुसूचित जातींची मान्यता दिली. आजची शिष्यवृत्ती अशी झगडून मिळालेली आहे.

एक डोळे उघडणारा अनुभव

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी वडिलांबरोबर आमच्या काउंटरवर आली. वडील नाक्यावर उभे राहून बिगारी काम मिळविणारे. शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचा निरोप आला होता, पण खात्यात रुपया नव्हता. फी थकली होती. कॉलेज सोडून दुकानात कामाला लागायचे असे घरात ठरले होते आणि मुलगी चक्क खाते बंद करायला आली होती.

आम्ही सहज विचारले, "बाळा, दुसऱ्या कुठल्या बँकेत खाते उघडले होतेस का?" तिने गावी आजीकडे असताना उघडले होते व त्याला आधार जोडले होते. आधारवरून येणारा सरकारी पैसा जे खाते शेवटी जोडलेले असते, त्यातच जमा होतो. तिची रक्कम तिकडे आठ महिने पडून होती! वडिलांनी डोळ्यांना रुमाल लावला. मुलीने फी भरली, आज ती एम.एस्सी. करीत आहे. पण आमची त्या रात्री झोप उडाली. "पैसे आलेले नाहीत" एवढेच सांगून यापूर्वी अशा किती मुलांना आम्हीच परत पाठविले असेल?

विद्यार्थ्यांनी व पालकांनी हे करावे

१. आपले आधार नेमके कोणत्या खात्याला जोडलेले आहे, हे अर्ज भरण्यापूर्वीच तपासावे.

२. अपुऱ्या कागदपत्रांवर उघडलेल्या 'छोट्या खात्यात' ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही व वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा होत नाही. केवायसी पूर्ण करून ते साधे बचत खाते करून घ्यावे.

३. केंद्राच्या शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. उत्पन्नाचा व जातीचा दाखला सुट्टीतच काढून ठेवावा. महाडीबीटीवर दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा. पहिल्या वर्षी भरला म्हणजे झाले, असे समजू नये.

४. २०२१ च्या नव्या नियमांनुसार केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो व त्यातील फी सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. घरची अडचण आम्ही जाणतो. पण त्या पैशाने पत्रे बदलले, तर मुलाचे वर्ष गळते.

५. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेसाठी अर्ज करावा. भोजन व निवासासाठी त्यातून मदत मिळते.

आपण काय करावे?

आपल्यातील अनेकजण शिष्यवृत्तीवर शिकून नोकरीला लागले. आम्हीही त्यांतलेच. सयाजीरावांनी बाबासाहेबांकडून दहा वर्षे संस्थानच्या सेवेचा करार लिहून घेतला होता. आपल्याकडून कोणी करार लिहून घेतलेला नाही, म्हणून ऋण फिटले असे होत नाही.

आमची मंडळाला विनंती आहे की प्रवेशाच्या काळात दर रविवारी विहारात दोन तास अर्ज मार्गदर्शन ठेवावे. बँकेतील, तहसील कार्यालयातील, कॉलेजातील नोकरदार बंधुभगिनींनी आळीपाळीने बसावे. तसेच मंडळाने एक छोटा निधी उभारून शिष्यवृत्ती येईपर्यंत परीक्षा फीपुरती रक्कम उसनी द्यावी, पैसा आला की विद्यार्थ्याने ती परत करावी. पहिल्या रविवारी आम्ही स्वतः येऊन बसू. मुलांना कागदपत्रे घेऊन पाठवा.