जळकी बोट घ्यावी का? भंगारातून मिळालेला एक पाठ



आजचा पाठ पुस्तकातला नाही. तो मला मुळशी रस्त्याला, एका गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये मिळाला. इयत्ता आठवी-नववीला ज्वलन, घनता, धातूंचे गुणधर्म, गुणोत्तर आणि नफा-तोटा हे सगळं एकाच वस्तूवरून शिकवता येतं. ती वस्तू म्हणजे आगीत अर्धी जळालेली एक स्की-बोट.

प्रसंग

माझा एक जुना विद्यार्थी सिंहगड रस्त्याला दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज चालवतो. दिवाळीनंतर त्याचा फोन आला. "सर, एक बोट मिळतेय. आग लागलेली आहे, म्हणून स्वस्त देतायत. इंजिन मी करतो. तुम्ही फक्त एकदा बघायला येता का?"

पैसे कुठून आणणार, असं विचारलं तर थोडं थांबून म्हणाला, "आई बांगड्या ठेवायला तयार आहे."

इथे एक कबुली देतो. हा मुलगा नववीत असताना "गणित तुझं काम नाही" असं मीच त्याला भर वर्गात म्हणालो होतो. त्यामुळे आता "नको घेऊस" एवढंच सांगून फोन ठेवायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, "येतो. पण मी हो किंवा नाही म्हणणार नाही. आपण दोघं मोजू, मग तूच ठरव."

स्की-बोट म्हणजे काय?

पाण्यावर पायाला फळ्या बांधून, बोटीमागे दोरीला धरून घसरत जायचा खेळ म्हणजे वॉटर स्कीइंग. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात लेक पेपिनवर १९२२ साली राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या मुलाने तो पहिल्यांदा जमवला. बोट त्याचा भाऊ चालवत होता. आज स्पर्धेत पुरुषांच्या स्लॅलम प्रकारात बोटीचा वेग ताशी ५८ किलोमीटरपर्यंत असतो. म्हणजे या बोटीला ताकद लागते, आणि मागे उठणारी लाट मात्र लहान हवी असते. म्हणून बऱ्याच स्की-बोटींत इंजिन मागे टांगलेलं नसून मध्यभागी, आत बसवलेलं असतं. आपल्या गोष्टीत हे 'आत' फार महत्त्वाचं आहे.

पहिली पायरी : वितळलेल्या वस्तू म्हणजे तापमापी

आग विझून महिने झाले होते. मग ती किती तापली होती हे कसं कळणार? मी त्याला वितळणबिंदू लिहून दिले.

- शिसे : ३२७ अंश सेल्सिअस
- जस्त : ४१९ अंश
- ॲल्युमिनियम : ६६० अंश
- तांबे : १०८५ अंश

आता शोध. कार्ब्युरेटरची बॉडी बहुधा जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते. ती एका बाजूने मेणबत्तीसारखी ओघळली होती. तांब्याच्या तारा उघड्या पडल्या होत्या, पण वितळल्या नव्हत्या. लोखंडी इंजिन ब्लॉक जागच्या जागी होता. पुढच्या भागातल्या प्लास्टिकच्या कपाला मात्र नुसती काजळी लागलेली.

म्हणजे इंजिनापाशी आग काही शे अंशांपर्यंत चढली, पण १०८५ पर्यंत गेली नाही, आणि पुढे पोचायच्या आत विझली. (मिश्रधातू शुद्ध धातूपेक्षा थोडा आधी वितळतो, हे मुलांना जरूर सांगा. उत्तर नेमकं येत नाही, पट्टा मिळतो.) त्याने खडूने बोटीवर तीन पट्टे आखले : फार तापलेला, मध्यम आणि वाचलेला.

आणखी एक गोष्ट डोळ्याला दिसत नाही. तारांवरचं पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. ओलावा मिळाला की त्याचं आम्ल होतं. त्यात आग विझवताना मारलेलं पाणी इंजिनात शिरतं. म्हणून जळालेलं इंजिन आगीने कमी आणि नंतर नुसतं पडून राहिल्याने जास्त खराब होतं.

दुसरी पायरी : मडकं वाजवून घ्या

बोटीचा सांगाडा फायबरचा. पाण्याच्या टाक्या, गाड्यांचे बंपर, मंडळांच्या मूर्ती यांमुळे हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. पण फायबर ही एक वस्तू नाही, दोन आहेत : काचेच्या धाग्यांचं कापड आणि त्याला धरून ठेवणारं रेझिन. स्लॅबमध्ये सळई आणि सिमेंट असतं, तसंच. काचेचे धागे बरीच उष्णता सोसतात, रेझिन सोसत नाही. ते आधी मऊ पडतं, मग करपतं, शेवटी जळून जातं आणि मागे नुसतं कापड उरतं. काँक्रीटमधलं सिमेंटच उडून गेलं तर सळईच्या जाळीवर कोण उभं राहील?

पूर्ण जळालेला भाग कोणालाही दिसतो. फसवतो तो मधला पट्टा. वरचा रंगीत थर जरासा पिवळा, खाली मात्र थर सुटलेले. तिथे आपली आजी माठ घेताना जे करते तेच करायचं. वाजवायचं! नाण्याने टकटक केलं की चांगल्या भागाचा आवाज खणखणीत येतो, थर सुटले असतील तिथे बद्द येतो. आवाज बदलेल तिथे खडूची खूण.

अर्धा तास तो बोटीभोवती नाणं वाजवत फिरला. बाहेरून भोक होतं फूटभराचं. खुणा जोडल्या तेव्हा जवळजवळ चटईएवढा भाग बद्द निघाला. मग तो आत वाकला. बोटीच्या तळाला आतून लांब आडव्या तुळया असतात, त्यांना स्ट्रिंजर म्हणतात. जुन्या बोटींत बहुधा लाकूड आणि वरून फायबर. इंजिन त्यांच्यावरच बोल्टने आवळलेलं असतं. नाणं तिथे लावलं आणि तो माझ्याकडे बघत राहिला. आवाजच नव्हता. स्क्रूड्रायव्हर टोचला तर आतून काळं, ओलं लाकूड बाहेर आलं.

तिसरी पायरी : बारास एक

फायबरचं भोक नुसतं ठिगळ लावून बुजत नाही. कडा लांब उतरत्या घासाव्या लागतात, म्हणजे नव्या थरांना धरायला जागा मिळते. त्यासाठी नेहमीचं गुणोत्तर १२ : १ आहे.

वर्गासाठी उदाहरण : फायबरची जाडी ६ मिलिमीटर, भोकाचा व्यास ३०० मिलिमीटर. प्रत्येक बाजूला उतार ६ × १२ = ७२ मिलिमीटर. नवा व्यास ३०० + ७२ + ७२ = ४४४ मिलिमीटर. व्यास जवळपास दीडपट झाला. क्षेत्रफळ? १.४८ चा वर्ग, म्हणजे सुमारे २.१९ पट. फूटभर भोकासाठी दुपटीहून जास्त जागेवर काम! क्षेत्रफळ वर्गाच्या पटीत वाढतं हे इतक्या चटकन पटवणारं दुसरं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

सूचना : रेझिनचं काम वर्गात करू नका. घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसाला वाईट, वास डोक्यात जाणारा. आणि हार्डनर व कोबाल्ट हे दोन्ही एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडू शकतो. आपल्याला खडू, नाणं आणि फूटपट्टी पुरे.

चौथी पायरी : आग लागलीच का?

हा प्रश्न विसरून दुरुस्ती केली तर दुसरी आग ठरलेली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. उघड्यावर उभ्या बाईकखालची वाफ वाऱ्याने निघून जाते. बोटीचा तळ मात्र बंद टोपासारखा. वाफ तिथे साठून बसते. हवेत तिचं प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल आणि एक ठिणगी मिळाली, की भडका.

गणित करू. तळाची पोकळी १००० लिटर धरा. १.४ टक्के म्हणजे १४ लिटर वाफ. १ मिलिलिटर पेट्रोलची साधारण १८० मिलिलिटर वाफ होते. मग पेट्रोल लागेल सुमारे ८० मिलिलिटर. एक कटिंग चहा! तेवढं पेट्रोल पाइपमधून ठिबकून पूर्ण वाफ झालं तरी पुरे.

इथे माझा विद्यार्थी गप्प झाला. कारण त्याचा हिशेब असा होता, की स्टार्टर आणि अल्टरनेटर जुन्या बाजारातून गाडीचे आणायचे. स्वस्त पडतात. पण बोटीचे हे भाग आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवणार नाही अशा रचनेचे असतात, गाडीचे तसे नसतात. शिवाय इंजिन सुरू करण्याआधी किमान चार मिनिटं पंखा लावून तळातली हवा बाहेर काढायची असते. गॅरेजमध्ये जी काटकसर शहाणपणाची, ती बोटीत जिवावर बेतते.

पाचवी पायरी : कोंबडी आणि मसाला

खालचे आकडे वर्गासाठी गृहीत धरलेले आहेत. तुम्ही तुमचे धरा.

- खरेदी : १,५०,०००
- सांगाडा आणि स्ट्रिंजर : १,२०,०००
- इंजिन : १,४०,०००
- वायरिंग, टाकी, पाइप : ७०,०००
- आसनं आणि रंग : ५०,०००
- टेम्पो, शेडचं भाडं, कागदपत्रं : ३०,०००

एकूण ५,६०,०००. चालू स्थितीतली जुनी बोट ६,००,००० ला मिळते असं धरा. बचत ४०,०००. पण दुरुस्तीचा ४,१०,००० चा अंदाज २० टक्क्यांनी चुकला तर? ८२,००० वाढले, एकूण ६,४२,०००. आता ४२,००० चा तोटा, आणि वर्षभराची मेहनत फुकट. 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' ही म्हण फळ्यावर लिहा आणि मुलांना तिची टक्केवारी काढायला सांगा.

कागदपत्रं हा मोठा विषय आहे. यंत्रावर चालणाऱ्या बोटीला अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ नुसार तपासणी आणि नोंदणी लागते. आणि आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर हे पाणी पुणं पितं. तळात गळलेलं तेल पंपाने बाहेर फेकलं, तर ते कोणाच्या हंड्यात जाईल?

मग पुढे काय झालं?

त्याने मालकाला विचारलं, "नुसता ट्रेलर आणि इंजिन ब्लॉक देता का?" मालक नाही म्हणाले. दोघं रिकाम्या हाताने परतलो. चांदणी चौकापर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, स्ट्रिंजर वाजवले नसते तर मी घेतली असती."

मी म्हणालो, "मी तर वाजवायला सांगून बाजूला उभा होतो. हिशेब तू केलास." नववीतल्या त्या वाक्याबद्दलही त्याच वेळी माफी मागितली. तो हसला. म्हणाला, "ते मी विसरलो नव्हतो."

पुढच्या महिन्यात हा पाठ त्यानेच माझ्या आठवीच्या वर्गात घेतला. मालकाकडून मागून आणलेला जळक्या फायबरचा तुकडा पिशवीत बंद करून फिरवला. शेवटी एका मुलीने विचारलं, "दादा, तुम्ही नाही घेतली. पण दुसऱ्या कोणी घेऊन, वरून रंग लावून, धरणावर फिरवली तर?"

याचं उत्तर आम्हा दोघांकडेही तयार नव्हतं. म्हणून मुलांनीच एक यादी केली. सुट्टीत सहलीला जाणाऱ्या पालकांसाठी ती इथे देतो.

१. लाइफ जॅकेट मापाचं आहे का? पट्टे लागतात का?
२. बोटीवर नोंदणी क्रमांक लिहिलेला आहे का?
३. अग्निशामक नळकांडं हाताशी आहे का?
४. पेट्रोलचा वास येतोय का? येत असेल तर चढू नका, चढला असाल तर उतरा.
५. चालक इंजिन सुरू करण्याआधी तळातली हवा काढतो का?

स्वाध्याय : घरातली कोणतीही एक जुनी वस्तू (सायकल, मिक्सर, पंखा) घ्या. दुरुस्तीचा अंदाज काढा, २० टक्के वाढवा आणि नव्या वस्तूच्या किमतीशी ताडून बघा. निर्णय मुलांना घेऊ द्या. पालकांनी फक्त शेजारी उभं राहायचं.

वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी काय प्रश्न विचारले ते नक्की कळवा.