नावाला कंस

२०१६ च्या जानेवारीतल्या एका रविवारी, दुपारची जेवणं आटोपल्यावर, मी सातशेच्या वर सदस्य एका झटक्यात काढून टाकले. आज्ञा एका ओळीची होती. एंटर दाबलं, चहा टाकायला उठलो, परत येईतो काम झालेलं. माळ्यावरची अडगळ काढल्यावर वाटतं तसं हलकं वाटलं. पुढे अकरा आठवडे मी त्याच समाधानात होतो.

आमचं संकेतस्थळ म्हणजे घाटवाटांची वही. २००६ साली आम्ही चार मित्रांनी सुरू केलं. किल्ल्यांवर लिहिणारे पुष्कळ होते, आम्हाला हवी होती देशावरून कोकणात उतरणाऱ्या जुन्या वाटांची माहिती. खांडसहून भीमाशंकरला चढणारे शिडी घाट आणि गणेश घाट सगळ्यांना ठाऊक. पण बोराट्याची नाळ, सिंगापूर नाळ, शेवत्या, उपांड्या या वाटांवर तेव्हा गर्दी नव्हती. अशा वाटेची माहिती एकदा लिहून भागत नाही. पावसाळ्यात दरड कोसळते, कारवी माजते, ढोरवाटा फुटतात, टाकं गाळानं भरतं. म्हणून प्रत्येक नोंदीत तारीख, सुरुवातीचं गाव, लागलेला वेळ आणि पाणी कुठे मिळालं हे लिहायचं, असा आमचा दंडक. खाली लिहिणाऱ्याचं नाव. बहुतेकांनी टोपणनावं घेतली होती.

आणि खरं सांगायचं तर आम्ही सगळे आधी ते नावच वाचायचो. ‘पायवाट’ नावाचे एक गृहस्थ होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वाटेतल्या प्रत्येक वाडीत थांबून विचारपूस करणारे. त्यांनी ‘पाणी आहे’ लिहिलं की आम्ही सॅकमधली एक बाटली कमी करायचो. दुसरे एक जण होते, उत्साही, पण त्यांच्या तीन तासांचे आमचे सहा व्हायचे. त्यांचंही नाव उपयोगाचंच होतं, आकडा दुप्पट करून वाचायला.

मी पोटापाण्यासाठी एका कारखान्यात हिशेब बघतो. पीएचपी पुस्तकं वाचून शिकलो. २०१५ च्या अखेरीस खोट्या नोंदण्यांचा पूर आला. रोज सकाळी पन्नास-साठ नवे सदस्य, सगळे औषधं आणि घड्याळं विकणारे. त्यात सर्व्हरवाल्यांची नोटीस आली, तुमची जागा संपत आलीय. मी ठरवलं, दोन वर्षांत ज्यानं लॉगिन केलं नाही तो बाहेर.

पहिली चूक इथेच झाली. ‘शेवटचं लॉगिन’ हा रकाना आमच्या डेटाबेसमध्ये २०११ च्या दुरुस्तीनंतर आलेला. त्याआधी लिहून गेलेल्यांच्या समोर शून्य होतं. युनिक्स पद्धतीच्या घड्याळाची मोजणी १ जानेवारी १९७० पासून सुरू होते, त्यामुळे शून्य म्हणजे तो दिवस. यादीत कित्येक सदस्य १ जानेवारी १९७० रोजी शेवटचे दिसले होते. तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. मी हसलो आणि पुढे गेलो.

शिवाय ज्यांनी कधीकाळी ‘मला लक्षात ठेवा’ या चौकोनात खूण केली होती ते रोज यायचे, पण पासवर्ड टाकावा लागत नसल्यामुळे त्यांची तारीख पुढे सरकतच नव्हती. त्या दिवशी सकाळी नोंदी वाचून गेलेला एक जण संध्याकाळी फोन करून म्हणाला, ‘अरे, मला हाकललंस की काय?’ मी त्याला नवं खातं काढून दिलं आणि अपवाद म्हणून सोडून दिलं. तिथेच थांबून यादी पुन्हा बघायला हवी होती.

नोंदी पुसल्या गेल्या नाहीत, हे नशीब. फक्त त्यांच्याखालची नावं गेली आणि सगळीकडे ‘पाहुणा’ आलं. पायवाटांची नोंदही पाहुण्याची आणि उत्साही गृहस्थांचीही पाहुण्याचीच. एकाच नाळेबद्दल एक पाहुणा सांगतोय ‘दोर लागतो’, दुसरा सांगतोय ‘लहान मुलंही उतरतील’. दोघांत डावंउजवं करायला वाचणाऱ्याच्या हाती काही उरलं नाही.

त्याहून वाईट गोष्ट मला दिसलीच नव्हती. नावं मोकळी झाली होती.

फेब्रुवारीत कॉलेजातला एक मुलगा सदस्य झाला. त्याला टोपणनाव हवं होतं, ‘पायवाट’ सुचलं, मिळालं. त्याचा काहीच दोष नाही. जुन्या नोंदींवरच्या प्रतिसादांत लोकांनी ‘पायवाट म्हणतायत तर पाणी असणारच’ असं लिहून ठेवलेलं होतं, आणि आमची व्यवस्था नावावरून दुवा जोडायची. ते सगळे दुवे आता या मुलाच्या पानावर जाऊ लागले. दहा वर्षांची पत त्याच्या नावे जमा झाली, त्याला पत्ताही नाही. मार्चमध्ये त्यानं एका घाटाची नोंद लिहिली, ‘मधल्या टाक्यात भरपूर पाणी.’ तो उतरला होता डिसेंबरात. महिना लिहायचा राहिला. (घाटाचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर इथलंच वाचून कोणी पाण्याचा हिशेब मांडायचा.)

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ठाण्याचे सहा जण पायवाटांच्या भरवशावर माणशी दोन लिटर घेऊन उतरले. टाक्यात हिरवा चिखल होता. त्या नाळेत सावली नाही, दुपारी कातळ तव्यासारखा तापतो. एकाच्या पायात गोळे आले, मग उलट्या सुरू झाल्या. दोघं पुढे पळत वाडीपर्यंत गेले, तिथल्या मामांनी डोक्यावर कळशी घेऊन चढून त्यांना पाणी पाजलं, मीठ घातलेलं ताक दिलं. सगळे धड घरी पोचले. त्यांच्यापैकी एकानं मला लिहिलेलं पत्र संतापाचं नव्हतं, बुचकळ्यात पडलेल्या माणसाचं होतं: ‘पायवाटकाका असं कसं लिहितील?’

तेव्हा कुठे मी शोधायला लागलो. सर्व्हरवाल्यांकडचा बॅकअप मागच्या चारच आठवड्यांचा. माझा स्वतःचा? नव्हताच. दुसऱ्याच्या जमाखर्चात पैशाचा फरक सापडेपर्यंत घरी न जाणारा मी, स्वतःच्या दहा वर्षांच्या वहीची एक प्रत काढून ठेवली नव्हती. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर आमची काही पानं जुन्या रूपात सापडली. बरीचशी नावं मात्र डोंबिवलीच्या एका सदस्यानं परत आणली. तो प्रत्येक भटकंतीआधी नोंदी छापून घ्यायचा आणि कागद टाकायचा नाही. चुरगळलेली, घामानं शाई पसरलेली ती पानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून घेऊन तो घरी आला, आणि तीन रविवार आम्ही नोंद शोधून तिच्याखाली नाव लावत बसलो. दोन-तृतीयांश नोंदींना मालक मिळाले. बाकीच्या अजून पाहुण्याच्याच आहेत.

माझे बाबा तलाठी होते. त्या तीन रविवारांपैकी एका दुपारी आमचा पसारा बघून त्यांनी विचारलं, काय चाललंय. मी सांगितलं. ते म्हणाले, ‘खोडलीस? कंस का नाही केलास?’

सात-बाराच्या उताऱ्यावर एखाद्या खातेदाराचा हक्क संपला, त्यानं जमीन विकली किंवा तो वारला, तरी जुनं नाव खोडून टाकत नाहीत. त्याला कंस करतात. फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, कारण लिहिलेलं असतं आणि त्या फेरफाराचा क्रमांक उताऱ्यावर येतो. कंसातल्या माणसाला त्या जमिनीत आता अधिकार नाही, पण तो तिथे होता हे कुणालाही वाचता येतं. पन्नास वर्षांनी भांडण उपटलं तर त्या कंसापासूनच सुरुवात होते. बाबांनी आयुष्यभर हे केलं, आणि मी त्यांच्याच घरात बसून रबर फिरवला.

तेव्हापासून कुणी संस्थेचं, गावाचं, छंदाचं संकेतस्थळ चालवणारा भेटला की मी त्याला हेच सांगत सुटतो. निष्क्रिय सदस्याचं लॉगिन बंद करायचं असेल तर खुशाल करा. वर्षानुवर्षं न बदललेला पासवर्ड चोराच्या हाती लागतो आणि जुन्या भल्या माणसाच्या नावानं जाहिराती सुरू होतात, तेव्हा कुलूप घालणं शहाणपणाचंच. पण नाव राहू द्या, लिहिलेलं त्याच्याच नावाखाली राहू द्या, आणि ते नाव दुसऱ्या कुणाला देऊ नका.

याहूनं २०१३ मध्ये वर्षभर न वापरलेली नावं मोकळी करून नव्या लोकांना वाटली, तेव्हा कित्येक नव्या धन्यांच्या पेटीत जुन्यांची खासगी पत्रं येऊन पडू लागली होती. गूगलनं डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसायला घेतली, पण पुसलेला जीमेलचा पत्ता पुन्हा कुणाला मिळत नाही. एवढं एक पथ्य मी पाळलं असतं तर ते सहा जण पाणी घेऊन गेले असते. ट्विटरनं नोव्हेंबर २०१९ मध्ये निष्क्रिय खाती काढण्याचं जाहीर केलं, आणि गेलेल्या माणसांच्या खात्यांचं काय, असा गलका झाल्यावर लगेच पाऊल मागे घेतलं. एवढ्या मोठ्या कंपनीच्या ध्यानात ही गोष्ट आधी आली नाही, हे वाचून मला, कबूल करतो, थोडं बरं वाटलं.

जागेचं कारण तर खोटंच असतं. एका सदस्याची ओळ म्हणजे काही शे अक्षरं. हजार सदस्य मिळून मोबाइलवरच्या एका फोटोएवढी जागाही खात नाहीत. आमची जागा फोटोंनीच भरली होती, आणि ते लहान करून ठेवल्यावर निम्मी मोकळी झाली. खोट्या नोंदण्या जरूर काढा, पण त्या ओळखायची खूण म्हणजे शेवटची तारीख नव्हे. ज्यानं ईमेलची खातरजमा कधीच केली नाही, एक अक्षर लिहिलं नाही, कुणाला निरोप पाठवला नाही, त्याला काढा. लिहीत नाही पण वाचतो, अशा माणसाला हात लावू नका. वर्डप्रेस वापरत असाल तर सदस्य काढताना ते विचारतं की याचं लेखन पुसायचं की दुसऱ्याच्या नावे करायचं. घाईत दुसरा पर्याय सोयीचा वाटतो. पण न चाललेल्या वाटेची साक्ष तुमच्या नावावर चढते, हे ध्यानात ठेवा.

आता उलट बाजू, कारण सगळंच साठवून ठेवणंही बरोबर नाही. फोन नंबर, जन्मतारीख, घरचा पत्ता यांचा नोंदीच्या पतीशी संबंध नाही. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, आणि ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं की ती पुसावी, हे त्याचं सूत्र आहे. मला ते पटतं. आम्ही कुलूप घातलेल्या खात्यांमधून फोन आणि पत्ते काढून टाकले. ईमेल पत्ता तेवढा ठेवला, माणूस परत आला तर ओळख पटवायला. एखादा सदस्य स्वतःच म्हणाला की माझं नावही नको, तर तो त्याचा हक्क आहे, हुज्जत घालायची नाही. फक्त अशा सगळ्यांना ‘पाहुणा’ या एकाच पोत्यात कोंबू नका. आम्ही ‘माजी सदस्य ४१७’, ‘माजी सदस्य ४१८’ असे क्रमांक देतो. माणूस कोण ते कळत नाही, पण या दोन नोंदी एकाच्या आणि ती तिसरी दुसऱ्याची, एवढं वाचणाऱ्याला कळतं.

परत येणाऱ्यांची एक अडचण मात्र सुटलेली नाही. अनेकांचे जुने ईमेल पत्ते सोडलेल्या नोकरीचे असतात, किंवा ती पेटी कधीच बंद पडलेली असते. ‘पासवर्ड विसरलात?’चं पत्र हवेत जातं. मग आम्ही फोनवर बोलतो आणि त्यांच्या जुन्या नोंदीतलं काहीतरी विचारतो. रात्री कुठल्या देवळात मुक्काम केला होता, बरोबर कोण होतं. खरा माणूस तीन वाक्यांत ओळखू येतो, कारण त्याला थांबवावं लागतं.

खऱ्या पायवाटांचा नंबर मिळवायला मला मे महिना उजाडला. त्या मुलानं आपणहून नाव बदललं होतं, माफीही मागितली होती, जी त्यानं मागायचं काही कारण नव्हतं. काका सत्तरीच्या पुढचे, गुडघे गेलेले, मुलीकडे नाशिकला. मी झालेलं सगळं सांगितलं, तुमचं नाव नोंदींवर परत लावलंय म्हटलं, खातंही उघडून देतो म्हटलं.

‘खात्याचं राहू दे रे. ती पोरं बरी आहेत ना?’

बरी आहेत म्हटलं.

‘आणि त्या टाक्याचं काय लिहिलंय आता?’

मी त्यांची २००८ ची नोंद वाचून दाखवली. ते मधेच म्हणाले, थांब, हे खरं नाही राहिलं. टाक्याच्या वरच्या अंगाला २०१२ मध्ये दरड आली होती, पन्हळ बुजली, तेव्हापासून तिथे मकरसंक्रांतीनंतर पाणी टिकत नाही. हे लिहायचं त्यांच्याकडून राहून गेलं होतं. मी म्हटलं, सांगा, लिहून घेतो. त्यांनी सावकाश सांगितलं, वाडीतल्या कोणाला विचारायचं तेही सांगितलं, आणि मी खाली तारीख टाकून नाव लिहिलं: (पायवाट).