पंचायतीपर्यंत आलेली तार विद्यार्थ्याच्या दारी

धारगळ हे पेडणे तालुक्यातील राष्ट्रीय महामार्गालगतचे गाव. गेल्या काही वर्षांत या परिसराचे रूप झपाट्याने पालटले आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी धारगळ येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे व मोपा पठारावरील विमानतळाचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. विर्नोडा येथील संत सोहिरोबानाथ आंबिये शासकीय महाविद्यालयामुळे पदवीचे शिक्षण तालुक्यातच उपलब्ध झाले. तथापि आज उच्च शिक्षणाचा काही भाग वर्गाच्या चार भिंतींबाहेर, इंटरनेटवरून दिला जातो. हा भाग गरीब घरातील विद्यार्थ्याच्या आवाक्यात कसा आणता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि महाविद्यालयांचे वर्ग मोबाइलच्या पडद्यावर आले. त्या पावसाळ्यात सत्तरी व सांगे या तालुक्यांतील काही गावांचे विद्यार्थी ‘रेंज’ मिळावी म्हणून डोंगरावर जाऊन बसत असल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. याचे कारण भूरचनेत आहे. मनोऱ्याकडून येणाऱ्या लहरी सड्यावर सहज पोचतात; डोंगराच्या पायथ्याशी, दाट झाडीत वसलेल्या वाड्यांत त्या क्षीण होतात. राज्य शासनाने त्याच वर्षी दूरसंचार पायाभूत सुविधा धोरण जाहीर केले.

महामारी ओसरली, परंतु प्रश्न संपला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या राष्ट्रीय व्यासपीठावरून पूर्ण करण्यास विद्यापीठे मान्यता देऊ शकतात. ही सोय ज्याच्या घरी साधने आहेत, त्याला वरदान ठरते. ज्या घरात एकच मोबाइल, तोही वडील सकाळी कामावर घेऊन जातात आणि शिकणारी भावंडे दोन, त्या घरातील मुलीला मात्र तीच सोय अडसर ठरू शकते. बुद्धी असूनही केवळ साधन नाही म्हणून एक सत्र वाया जाणे, ही हानी त्या कुटुंबाला न परवडणारी असते.

पूर्वीच्या प्रयत्नांचा बोध

दूरवरून शिक्षण देण्याचा प्रयत्न आपल्या देशाला नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोचविण्यात आले. त्या काळी घरोघरी संच असणे शक्यच नव्हते. म्हणून गावात एक सार्वजनिक संच बसविण्यात आला व सर्वांनी एकत्र बसून तो पाहिला. पुढे १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे महाविद्यालयीन कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले.

गोव्यातही या दिशेने टप्प्याटप्प्याने कार्य झाले. सन २००० च्या सुमारास ‘गोवा सुधारोप’ या परदेशस्थ गोमंतकीयांच्या संस्थेने परदेशात वापरून झालेले संगणक येथील शाळांना मिळवून दिले व त्यांवर ‘लिनक्स’ ही विनामूल्य प्रणाली वापरण्यात आली. २००२ साली ‘सायबरएज’ योजनेखाली अकरावीच्या विद्यार्थ्यांना अल्प मोबदल्यात संगणक देण्यास प्रारंभ झाला. त्यानंतर गोवा ब्रॉडबँड नेटवर्कद्वारे राज्याच्या मुख्यालयापासून तालुका व ग्रामपंचायतींपर्यंत फायबर तारांचे जाळे विणण्यात आले. २०२० मध्ये उच्च शिक्षण संचालनालयाने ‘दिष्टावो’ हा उपक्रम हाती घेऊन गोवा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला अनुसरून ध्वनिचित्रमुद्रित पाठ विनामूल्य उपलब्ध केले.

यंत्र, तार आणि पाठ या तिन्ही गोष्टी अशा प्रकारे निरनिराळ्या वेळी पुढे आल्या. त्या एकाच विद्यार्थ्याच्या हाती एकाच वेळी पडल्या, तरच त्यांचा उपयोग. पंचायतीपर्यंत तार आली, परंतु कार्यालय सायंकाळी बंद होते आणि विद्यार्थ्याला अभ्यासाचा वेळ सायंकाळीच मिळतो. म्हणून शेवटच्या काही शे मीटरांचे अंतर तोडणे, हे आजचे खरे काम आहे.

खर्च कोठे होतो?

मोबाइलच्या अनेक योजनांत दररोज दीड किंवा दोन जीबी डेटा मिळतो. तो पुरेल की नाही, हे साध्या गणिताने कळते. आठ बिट मिळून एक बाइट होतो. चित्रासह पाठ सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने येत असेल, तर तासाभरात ४५० एमबी खर्च होतात. असे चार तास झाले की १,८०० एमबी, म्हणजे जवळपास दिवसाचा सारा डेटा संपला. तोच पाठ केवळ आवाजाच्या रूपात, सेकंदाला ६४ किलोबिट या वेगाने ऐकला, तर तासाला सुमारे २९ एमबी पुरतात. खर्च पंधरा पटींनी उतरतो. टिपणांची फाइल तर बहुधा याहूनही हलकी असते.

शिक्षकांनी काय करावे?

पाठ किती जड असावा, हे शिक्षकाच्या हाती आहे. प्रत्यक्ष चित्रसंवाद शंकानिरसनासाठी राखून ठेवावा. मुख्य विवेचन ध्वनिमुद्रित करून टिपणांसह द्यावे, म्हणजे विद्यार्थी ते एकदाच उतरवून घेऊन पुन्हा पुन्हा ऐकू शकेल. हजेरी केवळ चित्रसंवादाला जोडू नये. पाठावरील स्वाध्यायालाही तिचे मोल असावे. ज्यांच्याकडे इंटरनेट मुळीच नाही, त्यांना ‘स्वयम् प्रभा’ या शैक्षणिक वाहिन्यांची माहिती द्यावी. त्या उपग्रहावरून विनामूल्य दिसतात आणि एकच पाठ दिवसातून अनेकदा दाखवितात.

गावाने काय करावे?

१९७५ च्या सार्वजनिक संचाचे तत्त्व आजही उपयुक्त आहे. प्रत्येकाने स्वतंत्र जोडणी घेण्याऐवजी गावाच्या वाचनालयात, शाळेच्या रिकाम्या खोलीत किंवा देवस्थानच्या सभागृहात एक चांगली जोडणी घेऊन ती सायंकाळी विद्यार्थ्यांसाठी खुली ठेवावी. चार-पाच टेबले, पुरेसा उजेड, विजेची बटणे आणि शांतता एवढ्यावर अभ्यासिका चालू शकते. मुलींना तेथे निर्धास्तपणे येता यावे, यासाठी वेळ व देखरेख पालकांच्या संमतीने ठरवावी. पावसाळ्यात वीज वरचेवर जाते. वाय-फायच्या यंत्राला वीज थोडीच लागते. त्यामुळे लहान बॅटरी जोडल्यास ते काही तास चालू राहते.

घरोघरी पडून असलेले जुने संगणकही निरुपयोगी समजू नयेत. त्यांत नवी साठवण-चकती बसवून लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली घातल्यास लेखन, वाचन व पाठ पाहणे यांसाठी ते पुरेसे पडतात.

याशिवाय ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली ‘पीएम-वाणी’ योजना गावकऱ्यांनी समजून घ्यावी. तिच्याखाली किराणा दुकानदार किंवा चहावाला आपल्या जागेत सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालवू शकतो. त्यास परवाना, नोंदणी अथवा शुल्क लागत नाही. हे केंद्र नोंदणीकृत समूहचालकाशी जोडले जाते व ग्राहक अल्प रकमेत हवा तेवढाच डेटा घेऊ शकतो. अशा केंद्रांना महागड्या व्यापारी जोडण्या घ्याव्या लागत, ही मोठी अडचण होती. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०० मेगाबिटपर्यंतच्या जोडणीसाठी केंद्रचालकाकडून घरगुती दराच्या दुपटीहून अधिक आकारणी करू नये, असा आदेश काढला.

प्रशासनाची भूमिका

अधिकाऱ्यांनी प्रथम वाडावार नोंद घ्यावी. कोणत्या वाड्यात लहरी पोचत नाहीत, किती विद्यार्थ्यांजवळ स्वतःचे यंत्र नाही, अभ्यासिकेस योग्य जागा कोणती, या तीन प्रश्नांची उत्तरे महाविद्यालय व पंचायत यांनी मिळून काढल्यास मदत नेमक्या घरी जाईल. मनोऱ्याच्या जागेबद्दल ग्रामस्थांच्या मनात शंका असतील, तर त्यांचे निरसन ग्रामसभेत मोकळेपणाने करावे. शंका दाबून काम पुढे जात नाही.

इंटरनेट ही चैनीची वस्तू आहे, असा समज अजूनही काही ठिकाणी आढळतो. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीच्या याचिकेवर निर्णय देताना इंटरनेट मिळण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. हक्काला व्यवहाराची जोड मात्र गावोगावी द्यावी लागते. धारगळसारख्या गावात महामार्ग आला, संस्था आली, नजीक विमानतळही झाला. त्याच गावच्या विद्यार्थिनीला पाठ ऐकण्यासाठी सड्यावर जावे लागू नये. त्यासाठी सायंकाळी उघडी राहणारी एक खोली, एक जोडणी आणि हलका केलेला पाठ, एवढी सिद्धता गाव, शिक्षक व प्रशासन यांनी परस्परांच्या सहकार्याने करणे सहज शक्य आहे.