तुझ्या स्क्वॉडमध्ये कोण कोण आहे?

“ठेव तो मोबाईल आता!” संध्याकाळी भाटघरात बहुतेक घरांतून ही हाक येते. शिरवळच्या कंपनीतून शिफ्ट करून आलेला बाप असो, की रानातून येऊन लगेच स्वयंपाकाला लागलेली आई, दमलेल्या जिवाला तेवढंच बोलणं सुचतं. आत काळजी वेगळीच असते. पाहुणे आले तरी पोरगा मान वर करत नाही. चार माणसांत कसा निभावणार?

पण हाच मुलगा बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्स खेळताना काय बोलतो, ते जरा ऐका. “एकटा पुढं जाऊ नको, थांब, मी येतोय.” पाहुण्यांसमोर मुका असलेला तो चौघांच्या स्क्वॉडमध्ये बेत आखतो, पडलेल्या गड्यासाठी मागं फिरतो.

आपला भागही बघा ना. धरणाचं पाणी वेळवंडीच्या खोऱ्यात लांबवर पसरलेलं. वर्गातला एक दोस्त पसुऱ्याचा, दुसरा भुतोंड्याचा. शाळा सुटली की जो तो आपापल्या गाडीनं गावाला. सुट्टीत वाडीत बरोबरीचं पोर एखादंच. मग ही पोरं गेममध्ये भेटतात.

ती मैत्री खोटी नसते. नॉर्वेतला मॅट्स स्टीन स्नायूंच्या आजारानं चाकाच्या खुर्चीला खिळलेला होता. आईवडिलांना वाटायचं, पोरगा एकटाच राहिला. २०१४ मध्ये, पंचविशीत तो गेला, तेव्हा त्याच्याबरोबर ऑनलाइन खेळणाऱ्यांचे शोकसंदेश घरी येऊ लागले. काहीजण तर दुसऱ्या देशांतून अंत्यविधीला आले.

तरी एक बाजू कच्ची राहते. गेममध्ये समोरच्याचा चेहरा दिसत नाही. मित्र रुसलाय, आजी आज गप्प आहे, हे चेहऱ्यावरूनच कळतं. नको वाटलं की गेममधून बाहेर पडता येतं. वर्गातून, घरातून तसं पडता येत नाही. आणि माईकवर शिव्या देणारा अनोळखी केवढा, कोण, हे पोराला कळत नाही. म्हणून “कुणी तसं बोललं तर मला सांग, मी रागावणार नाही,” एवढा भरवसा आपण आधीच द्यायला हवा.

आणखी एक. ऑनलाइन मॅच मध्येच थांबवून ठेवता येत नाही. मोठी मॅच अर्ध्या तासाच्या आसपास चालते. आपण मोबाईल हिसकावतो, तेव्हा तिघांना सोडून पळाल्याचा ठपका त्याच्यावर येतो. तो चिडतो त्यामुळं. “ही मॅच संपली की ठेव,” असं सांगून बघा. मग मात्र दुसरी सुरू करू देऊ नका.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घेतला. पण खेळावर ताबाच राहिला नाही, शाळा, घर, मित्र सगळं मागं पडलं आणि हे साधारण वर्षभर चाललं, तरच तो आजार. तसं दिसू लागलं तर वर्षभर वाट न बघता डॉक्टरांना भेटावं. बाकीच्या घरांत घाबरण्यापेक्षा विचारणं बरं: तुझ्या स्क्वॉडमध्ये कोण कोण आहे?

नावं कळली की एखाद्या रविवारी त्या ओळखीच्या पोरांना जेवायला बोलवा. त्यांना गावाहून आणायला आणि दिवस मावळायच्या आत परत सोडायला मोठं माणूस लागतं. पोरांच्या मैत्रीला आपल्याकडून हवी आहे ती एवढी एक फेरी.