हापूस विकायचा तर लिंक विकत घ्याव्यात का?

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमची हापूसची कलमं आहेत. वाशीच्या दलालाकडे माल टाकण्याऐवजी गेली काही वर्षं आम्ही थेट गिऱ्हाइकाला पेट्या पाठवतो. त्यासाठी वेबसाइट केली, मागच्या वर्षी ती नव्यानं बांधूनही घेतली. पण गूगलवर शोधलं तर आम्ही चौथ्या-पाचव्या पानावर. हल्ली एका एजन्सीचा सारखा फोन येतो. ‘तुमच्या साइटला बॅकलिंक नाहीत म्हणून ती वर येत नाही, आम्ही महिन्याला पाचशे लिंक देतो,’ असं ते म्हणतात. त्यांनी पाठवलेली नमुन्याची यादी सोबत जोडतो आहे. बॅकलिंक म्हणजे नेमकं काय? त्या विकत घ्याव्यात का? आणि नाही घेतल्या, तर आमच्यासारख्यांना लिंक देणार कोण? आमच्याकडे आहे काय? कलमं आणि बाबांची वही. त्या वहीत मोहोर कधी आला, पहिली पेटी कधी गेली, हे ते १९९१ पासून लिहून ठेवतात, एवढंच.
(एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : शेवटच्या दोन वाक्यांत तुम्ही स्वतःच उत्तर दिलं आहे. त्या वहीकडे येऊच, पण आधी ही यादी.

यादीतले बरेच पत्ते मी उघडून पाहिले. एक साइट दातांच्या इम्प्लांटची, एक तात्काळ कर्जाची, दोन ऑनलाइन रमीच्या, एक नुसती मोबाइल कव्हरची. रमीच्या एका पानावर पत्ते कसे पिसावेत हे सांगता सांगता मधेच वाक्य येतं, ‘घरपोच अस्सल हापूस आंबा’, आणि त्याला कुठल्याशा आंबेवाल्याची लिंक. त्याखाली लगेच गुडघेदुखीच्या तेलाची लिंक, मग पॅकर्स अँड मूव्हर्सची. हे पान कुणी माणसानं वाचावं म्हणून लिहिलेलंच नाही. तुमचे पैसे अशाच पानांवर जाणार आहेत.

आता मुळाशी जाऊ. दुसऱ्या कुणाच्या साइटवरून तुमच्या साइटकडे येणारी लिंक म्हणजे बॅकलिंक. तिला महत्त्व आलं ते स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांमुळे. १९९६ च्या सुमारास त्यांचा ‘बॅकरब’ हा प्रकल्प सुरू झाला, तोच पुढे गूगल झाला. पानावर एखादा शब्द किती वेळा आला यावरच विसंबलं, तर तोच शब्द शंभरदा लिहिणारा वर येणार, ही त्या वेळच्या शोधयंत्रांची अडचण होती. पेज आणि ब्रिन यांनी विद्वानांच्या जगातली जुनी रीत उचलली : एखाद्या शोधनिबंधाचा आधार इतर किती निबंधांनी घेतला, त्यावरून त्याचं वजन ठरतं. युजीन गारफिल्ड यांचा ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ १९६४ पासून हेच मोजत होता. वेबवर लिंक म्हणजे तसाच आधार.

या हिशोबातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. पहिली, सगळ्या लिंक सारख्या नसतात. ज्या पानाकडेच चांगल्या लिंक येतात, त्याच्या शब्दाला जास्त वजन. दुसरी, पानाचं हे वजन त्यावरून बाहेर जाणाऱ्या सगळ्या लिंकांमध्ये वाटलं जातं. एका पानावर तीनशे लिंक कोंबलेल्या असतील, तर तुमच्या वाट्याला तीनशेवा हिस्सा, आणि मुळात त्या पानालाच वजन नसेल तर शून्याचा हिस्सा. ही पेज आणि ब्रिन यांच्या १९९८ च्या शोधनिबंधातली मूळ मांडणी. आज गूगल याच्या कितीतरी पुढे गेलं आहे : लिंक पानाच्या मजकुरात आहे की तळाशी लपलेली, ती कोणत्या शब्दांवर दिली आहे, पानाचा विषय काय, हे सगळं पाहिलं जातं. तुमचा आंबा कसा आहे हे वाशीच्या अडत्यानं सांगितलं तर लोक ऐकतील. मोबाइल कव्हरवाल्यानं सांगितलं तर का ऐकतील? विषयाला धरून असलेली लिंक लागते, ती एवढ्याचसाठी.

विकतच्या लिंकांचं काय होतं याचा सगळ्यात गाजलेला दाखला अमेरिकेतला. जे. सी. पेनी ही तिथली मोठी, जुनी दुकानसाखळी. २०१० च्या सणासुदीच्या हंगामात ‘ड्रेसेस’ म्हणा, ‘बेडिंग’ म्हणा, ‘एरिया रग्ज’ म्हणा, गूगलवर पहिली हीच. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं यामागची गोष्ट छापली. कपड्यांशी काडीचाही संबंध नसलेल्या हजारो पानांवर पेनीच्या लिंक पेरलेल्या सापडल्या. त्यात जुगाराच्या साइट होत्या, बल्गेरियातल्या घरांच्या जाहिरातींची एक साइटही होती. गूगलनं कारवाई केली आणि एका प्रकारच्या प्रवासी बॅगेसाठी संध्याकाळी पहिल्या क्रमांकावर असलेली पेनी दोन तासांत एकाहत्तराव्या क्रमांकावर गेली. या लिंकांची आपल्याला कल्पना नव्हती, असं कंपनीनं सांगितलं आणि आपल्या सल्लागार संस्थेशी संबंध तोडला. एवढ्या मोठ्या कंपनीला ते निभावलं. तुमचा हंगाम मार्च ते मे, जेमतेम तीन महिन्यांचा. त्यात असा फटका बसला तर पुढचं वर्षच उजाडेल.

त्यानंतर, एप्रिल २०१२ मध्ये, गूगलचा ‘पेंग्विन’ हा बदल आला आणि अशा लिंकांवर पोसलेल्या असंख्य साइट एका झटक्यात खाली आल्या. आता शिक्षेपेक्षा दुर्लक्ष जास्त होतं. डिसेंबर २०२२ पासून ‘स्पॅमब्रेन’ ही गूगलची यंत्रणा पेरलेल्या लिंक ओळखून त्यांचं वजन काढून टाकते. एजन्सीला पैसे द्याल, पाचशे लिंक खरंच येतील, त्यांचा चकचकीत अहवालही येईल, आणि तुमच्या जागेत काही फरक पडणार नाही. हा धंदा टिकून आहे तो यामुळेच, कारण गिऱ्हाइकाला आकडा दिसतो, त्याचं वजन दिसत नाही. छोट्या बागायतदाराच्या गाठीचे पैसे असे जातात याचा मला मनापासून राग येतो. विकत घेऊ नका.

एक सूचना इथेच देतो, कारण आंबेवाल्यांत हे सर्रास चालतं. खाद्यपदार्थांवर लिहिणाऱ्यांना फुकट पेटी पाठवायची आणि बदल्यात लिंक घ्यायची. गूगलच्या नियमात पैसे आणि वस्तू यांत फरक नाही. पेटी जरूर पाठवा, आवडलं तर त्यांनी लिहावं. पण लिंक दिलीच तर ती ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ अशी खूण करून द्यायला सांगा. अशा लिंकेवरून गिऱ्हाईक येतं, रँकिंगसाठी मात्र तिच्यावर भिस्त ठेवू नये.

आता वही.

१९९१ पासून एकाच बागेतल्या मोहोराच्या तारखा, एकाच माणसानं, एकाच नजरेनं टिपलेल्या. असं काही इंटरनेटवर शोधून पाहा. ‘सर्वोत्तम हापूस’ म्हणणारी पानं ढिगानं आहेत, ही नोंद फक्त तुमच्या घरात आहे. दरवर्षी मोहोर लांबला, अवकाळी पाऊस पडला, थ्रिप्स ही कीड आली की कृषी वार्ताहरांना, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातल्या अभ्यासकांना, हवामानावर लिहिणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं : ‘यंदा उशीर झाला’ म्हणताना कशाच्या तुलनेत उशीर? तुमच्या पानावर ते उत्तर असेल, तर लिंक देणं ही त्यांचीच गरज होईल.

काम कसं करायचं ते सांगतो. बाबांच्या शेजारी बसून वर्षवार तक्ता करा : मोहोर कधी दिसला, दुसरा मोहोर आला का, फळगळ, पाऊस, फवारण्या, पहिली पेटी, शेवटची पेटी. ज्या वर्षी नोंद नाही तिथे ‘नोंद नाही’ असंच लिहा, अंदाज भरू नका. ‘मोहोर आला’ असं बाबा कधी म्हणतात, पहिला फुटवा दिसला की निम्मी बाग फुलली की, हे त्यांच्याच शब्दांत वर लिहा. अभ्यासक आधी तेच विचारेल. वहीच्या दोन-तीन पानांचे फोटो लावा. मराठीत एक पान, इंग्रजीत एक. आणि दरवर्षी नवं पान न काढता याच पत्त्यावर भर घाला, म्हणजे लिंक एका जागी साठत जातील. या पानावरून पेटी मागवायच्या पानाकडे ठळक लिंक द्या, कारण बाहेरून आलेलं वजन साइटच्या आत अशाच वाटेनं पुढे जातं.

मग डिसेंबर-जानेवारीत, मोहोराच्या बातम्या सुरू होतात तेव्हा, आंब्यावर नियमित लिहिणाऱ्या मोजक्या वार्ताहरांना चार ओळींचं पत्र पाठवा. यंदाची तारीख, मागच्या दहा वर्षांतली सगळ्यात लवकरची आणि उशिराची, पानाचा पत्ता, फोन नंबर. ‘आमच्या साइटला लिंक द्या’ असं त्यात लिहू नका, आणि लिंक कोणत्या शब्दांवर द्यावी हे तर मुळीच सुचवू नका. दहा जणांनी दहा तऱ्हांनी लिहिलेल्या लिंकाच खऱ्या दिसतात, कारण त्या खऱ्या असतात.

वहीखेरीजही तुमच्याजवळ सांगण्यासारखं आहे. फळ बाहेरून निर्दोष आणि कापल्यावर आत पांढुरका, भुसभुशीत साका निघाला की शहरातलं गिऱ्हाईक फसवलं गेल्यासारखं चिडतं. साका म्हणजे काय, तो बाहेरून का ओळखू येत नाही, निघाला तर तुम्ही काय करता, हे फोटोंसह लिहा. पेंढ्यात आढी कशी लावावी तेही लिहा. असं पान लोक एकमेकांना पाठवतात आणि पाककृतींच्या साइट त्याचा आधार घेतात.

काही लिंक तर नुसत्या मागून मिळतील. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी जिल्हा आहे. तुम्ही नोंदणीकृत वापरकर्ते असाल आणि मानांकनाचं काम पाहणाऱ्या संस्थेच्या साइटवर बागायतदारांची यादी असेल, तर नावापुढे तुमचा पत्ता आहे ना ते पाहा. तुमचा आंबा घेणारा पुण्याचा मिठाईवाला किंवा आइस्क्रीमवाला ‘आमचा आंबा कुठून येतो’ असं लिहीत असेल, तर त्याला विचारा. एखाद्या वर्तमानपत्रानं पूर्वी तुमच्यावर लिहून लिंक दिली नसेल, तर नम्रपणे कळवा. मात्र ‘मी तुझी देतो, तू माझी दे’ अशी साखळी ओळखीतल्या वीस-पंचवीस बागायतदारांत सुरू करू नका. तीही गूगलला कळते.

साइट नवी केली तेव्हा पानांचे पत्ते बदलले का, हे करणाऱ्याला आजच विचारा. जुन्या पत्त्यांवर लिंक येत असतील आणि तिथे आता पानच नसेल, तर त्या फुकट चालल्या आहेत. जुना पत्ता नव्याकडे कायमचा वळवणं हे तासाभराचं काम आहे. गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या मोफत सेवेत साइट नोंदवली की ‘लिंक्स’ या भागात तुमच्याकडे कोण लिंक देतं ते दिसतं. तिथे अनोळखी, भलत्याच साइट दिसल्या तरी घाबरू नका, अशा कचऱ्याकडे गूगल आपणहून दुर्लक्ष करतं. ‘मॅन्युअल ॲक्शन्स’मध्ये काही सूचना आली असेल, तेवढंच गांभीर्यानं घ्या.

वेळ किती लागेल? वर्षाकाठी विषयाला धरून चार-पाच चांगल्या लिंक आल्या तरी तुमच्या आकाराच्या साइटला ते पुष्कळ आहे. पण परिणाम दिसायला महिने जातात, म्हणून एप्रिलमध्ये सुरुवात करून त्याच हंगामात फळ मिळणार नाही. पावसाळ्यात बागेत काम कमी असतं, तेव्हा तक्ता करायला घ्या. आणि ‘हापूस आंबा’ एवढ्या दोन शब्दांवर पहिलं येण्याचा हट्ट सोडा, तिथे मोठमोठ्या कंपन्या बसल्या आहेत. ‘रत्नागिरी हापूस थेट बागेतून’, ‘आंब्यात साका का होतो’ असं विचारत येणारा माणूस तुम्हाला हवा आहे. तो पेटी मागवतोही, आणि पुढच्या वर्षी परत मागवतो.