वरखर्चाची पिशवी

नागपूर, एप्रिल अखेर

चि. सायलीस,


शाळांच्या परीक्षा आटोपल्या की ओवी-शौर्य या दोन्ही पोट्ट्यांना आणि सासूबाईंना घेऊन अमरावती रोडवर बाजारगावच्या बाजूला फन अँड फूड व्हिलेज या पाण्याच्या पार्कात जायचं ठरलंय, हे तुझ्या आईकडून कळलं. पाच माणसांच्या तिकिटांची बेरीज झाल्यावर घरात "आता वरखर्च एक रुपयाही नको" असा ठराव पास झाल्याचंही कळलं. हे पत्र त्या ठरावाबद्दल आहे. वरखर्च टाळू नकोस. तो फाटकाच्या आत न करता आदल्या आठवड्यात बर्डीच्या बाजारात कर, म्हणजे झालं.

कारण असं, की तिकीट असतं घसरगुंड्यांचं आणि पाळण्यांचं. एक घसरगुंडी मिनिटभरात संपते, मोठा पाळणा तीन-चार मिनिटांत. सकाळी दहाला आत गेलेलं कुटुंब संध्याकाळी बाहेर पडतं, तेव्हा त्यातला खरा खेळाचा वेळ मोजला तर तासाच्या आसपास भरतो. बाकीचा सगळा वेळ रांगेत, उन्हात, कपडे बदलण्यात, भूक आवरण्यात आणि "दादा कुठे गेला?" करण्यात जातो. या मधल्या वेळेचं तिकीट कोणी विकत नाही, आणि घरोघरच्या सहलींचा विचका होतो तो नेमका याच वेळात.

अंबाझरीजवळचं क्रेझी कॅसल बंद झाल्यापासून पाण्यात डुंबायचं म्हटलं की नागपूरकर शहराबाहेरची वाट धरतो. अशा कुठल्याही पार्कच्या फाटकावर सुटीतल्या सकाळी काय चालतं ते सगळीकडे सारखंच. वडील पिशव्या उघडून दाखवत असतात. आजी डब्यातल्या पुऱ्या परत गाडीत ठेवायला तयार नसते. आई नायलॉनच्या पोशाखाच्या भाड्याच्या रांगेत, हातात अनामत रक्कम. धाकटं उंचीच्या पट्टीखाली टाचा उचलून उभं, आणि पट्टी तरी डोक्याच्या दोन बोटं वरच. आत शिरायच्या आधीच एक जण रडलेला, एक जण रुसलेला.

यातलं जवळजवळ सगळं घरूनच निस्तरता येतं. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, ही पार्कवाल्यांची लहर नव्हे. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, घसरगुंडीवर अडकतं आणि त्याचे धागे पाणी गाळणाऱ्या यंत्रात जाऊन बसतात. नायलॉनची चड्डी आणि टी-शर्ट बर्डीच्या मेन रोडवर एकदाच घेतले की उन्हाळाभर चालतात, आणि दुसऱ्यानं वापरलेला ओला पोशाख अंगावर चढवायची वेळ येत नाही. सोबत पोहण्याचा साधा चष्मा घे. क्लोरीनच्या पाण्यानं डोळे चुरचुरायला लागले की कितीही महागडी घसरगुंडी पोराला नकोशी होते.

उंचीही घरीच मोज. बहुतेक पार्कांत मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं, आणि मोठ्या पाळण्यांवर बसण्याची परवानगीसुद्धा. भिंतीला पाठ लावून, चपला काढून दोघांची उंची सेंटिमीटरमध्ये लिहून ठेव आणि पार्कला फोन करून अटी विचारून घे. ओवीला कुठे बसता येईल आणि शौर्यला कुठे नाही, हे त्याला आदल्या दिवशी घरी कळलं तर तो घरीच चिडेल आणि घरीच विसरेल. त्याला कारणही सांग. मांडीवर येणारी पट्टी ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेली असते. लहान अंग तिच्याखालून निसटू शकतं. त्याच्या हिमतीशी त्या अटीचा काही संबंध नाही.

आता उन्हाचं. २३ मे २०१३ ला या शहरात ४७.९ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. आपल्याकडच्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात त्या याच उन्हापायी, आणि सुटी लांबते म्हणून पार्कांतली गर्दीही लांबते. पाण्यात खेळणाऱ्या मुलाचं अंग ओलंच असतं, त्यामुळे घाम गेलेला त्याला कळत नाही आणि तहानही लवकर जाणवत नाही. दुपारी तीनला अचानक डोकं दुखतं, मळमळतं, आणि मग "ऊन लागलं" म्हणून पळापळ. सासूबाई पिशवीत कांदा टाकतीलच, टाकू देत. त्या कांद्याशेजारी चार वस्तू तू ठेव.

पहिली वस्तू दुपट्टा, माणशी एक, सुती. पार्कच्या फरशीवरून रांगेकडे जाताना तो ओला करून डोक्यावर आणि मानेवर टाकायचा. विदर्भातली मे महिन्याची हवा कोरडी असते, पाणी झटकन उडतं आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं. कूलरच्या वाळ्याच्या ताटीचं काम तो दुपट्टा डोक्यावर करतो. हीच युक्ती मुंबईच्या दमट हवेत निम्मीही चालत नाही.

दुसरी, गोठवलेलं पाणी. बाटली पाऊण भरून रात्री फ्रीजरमध्ये ठेवायची. काठोकाठ भरू नकोस, बर्फ जागा जास्त घेतो आणि बाटली तडकते. दुपारपर्यंत त्यातून गार पाणी मिळत राहतं. जुन्या बाटलीच्या झाकणाला दाभणानं चार भोकं पाडलीस की पोरांना फुकटचा फवारा. पाणी आत नेऊ देतात की नाही, तेही फोनवरच विचार.

तिसरी वस्तू म्हणजे उन्हाचं मलम, दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, कारण पाण्यात ते धुऊन जातं. चौथी वस्तू औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी. इथे जरा थांबते, कारण यात चुका फार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची मोठी पुडी २०.५ ग्रॅमची असते आणि ती सगळी एक लिटर पाण्यात एकाच वेळी घालायची असते. अर्धी आज, अर्धी उद्या असं केलं की मीठ-साखरेचं प्रमाण बिघडतं. घरात लिटरचं माप नसेल तर २०० मिलीची छोटी पुडी घे. कालवलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्यायचं. ओआरएसच्याच नावाशी मिळतीजुळती गोड पेयं खोक्यांतून विकली जात होती आणि आया ती औषध समजून पाजत होत्या. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी या नावांविरुद्ध अनेक वर्षं लढा दिला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा नियामक एफएसएसएआयनं अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली. तेव्हा खोक्यावरचं फळाचं चित्र पाहू नकोस, पुडीवरचं सूत्र वाच.

खाण्याच्या बाबतीत मात्र नियम पाळ. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांत घरचं खाणं नेता येतं, काचेची भांडी आणि दारू तेवढी नको. त्यामुळे तिकडची मराठी कुटुंबं दशम्या आणि चटणी खुशाल आत नेतात. आपल्याकडच्या बहुतेक पार्कांत ती मुभा नाही. ओढणीखाली डबा लपवून नेणाऱ्या आया दिसतात, आणि शेजारी उभं राहून ते सगळं बघणारी त्यांची मुलंही दिसतात. त्यापेक्षा निघताना भरपेट पोहे खाऊ घाल, मुरमुरे-फुटाणे आणि टरबुजाच्या फोडी गाडीत ठेव, आणि दुपारचं एक जेवण आत विकत घ्यायचं असं हिशेबातच धर. परतताना भुकेल्या पोरांना गाडीत त्या फोडी मिळाल्या की वाटेवरच्या हॉटेलचं बिल वाचतं.

रांगेचं दुखणं वेगळं. हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या डेव्हिड माइस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेत उभ्या माणसाच्या मनावर एक लेख लिहिला, तो व्यवस्थापनाच्या वर्गांत अजून शिकवतात. त्यांचं म्हणणं असं: हाताला काम असलं की वाट पाहणं थोडं वाटतं, किती वेळ लागणार हे माहीत नसलं की तेच लांबतं, आणि एकट्यानं थांबणं सोबतीनं थांबण्यापेक्षा जड जातं. मोठमोठी पार्कं याच तत्त्वावर रांगांमध्ये चित्रं, पडदे आणि वळणं बसवतात. तुझ्याकडे दहा रुपयांची वही आणि पेन्सिल आहे. नाव-गाव-फळ-फूल, गाण्याच्या भेंड्या, नाही तर पुढच्या वीस माणसांत पिवळी टोपी कितींची, हे मोजणं. शौर्यला रांगेचा मुकादम कर आणि किती मिनिटं लागतील याचा अंदाज वहीत लिहायला सांग. अंदाज चुकला की पोरं खूश होतात. मोबाइल मात्र हातात देऊ नकोस. परतीच्या वेळी गाडीवाल्याला फोन लावायला चार्जिंग उरत नाही, आणि ओल्या हातांचं तर बोलायलाच नको.

हरवण्याची भीती खरी आहे, कारण भिजलेली सगळी मुलं लांबून सारखीच दिसतात. दोघांना एकाच भडक रंगाच्या टोप्या घे. पक्क्या शाईच्या मार्करनं पोशाखाच्या आतल्या बाजूला तुझा आणि जावयांचा नंबर लिही. हातावर पेनानं लिहिलेला नंबर पहिल्या घसरगुंडीतच धुऊन जातो. सकाळी फाटकाशी दोघांचा एक फोटो काढ, म्हणजे "कोणते कपडे होते?" याचं उत्तर शोधावं लागणार नाही. हरवलंच तर गणवेशातल्या माणसाकडे जायचं, पार्कच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, हे दोघांकडून वदवून घे. ११२ आणि १०९८ हे मदतीचे दोन्ही नंबर ओवीला पाठ असायला हवेत. तिला पाढे येतात, हेही येईल.

राहिली आठवणवस्तू. डिस्नेलँड १९५५ च्या जुलैत सुरू झालं. तिथे आजही पहिल्यांदा आलेल्याला किंवा वाढदिवस असलेल्याला छातीवर लावायचा बिल्ला फुकट मिळतो. तिथली अनेक मुलं चपट्या केलेल्या नाण्यांच्या मागे असतात. यंत्रात पैसे टाकून चाक फिरवलं की नाणं लांबट होऊन त्याच्यावर चित्र उमटतं. मुलांना चित्रापेक्षा ते चाक स्वतः फिरवायला मिळाल्याचा आनंद मोठा. आपल्याकडे असं यंत्र नसलं तरी युक्ती तीच. दोघांना सकाळीच पन्नास-पन्नास रुपये दे आणि सांग, हे तुमचे, हवे तसे उडवा, पण संपले की संपले. मग दुकानासमोरून जाताना तुला "नाही" म्हणावं लागत नाही. शौर्य पहिल्या तासात सगळे आइसकँडीवर घालवेल आणि ओवी संध्याकाळपर्यंत पाच दुकानं फिरून नोट परत आणेल. तू दोघांनाही काही बोलू नकोस.

सासूबाईंना दिवसभर पाण्याकाठी बसवायचं जिवावर येत असेल, किंवा बेरीज पाहून जावयांचं मन अजून डळमळत असेल, तर शहरातही दोन चांगल्या जागा आहेत. मोतीबागेत डिसेंबर २००२ पासून नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय आहे. सातपुड्यात अडीच फुटांच्या रुळांवर धावलेली इंजिनं तिथे हात लावण्याइतकी जवळ उभी आहेत. गांधीसागराजवळ रमण विज्ञान केंद्र १९९२ पासून सुरू आहे. तिथली यंत्रं पोरांनी स्वतः दाबून-फिरवून पाहायची असतात, आणि तारांगणात आजी आरामखुर्चीत बसते. दोन्ही मिळून खर्च पार्कच्या तिकिटांपेक्षा पुष्कळ कमी येईल. सुटीचा वार विचारून निघ. वही, दुपट्टा आणि पाणी या पिशवीतलंच चालेल.

पार्कचंच नक्की असेल तर शनिवार-रविवार सोडून मधला वार धर. बर्डीला जाशील तेव्हा पोरांना सोबत नेऊ नकोस, नाही तर वरखर्चाला पुन्हा वरखर्च लागेल. पोशाख एक माप मोठेच घे, पुढच्या मेमध्येही अंगाला येतील. पुड्या आणि मार्कर माझ्याकडे पडून आहेत, त्या घेऊ नकोस. रविवारी येईन तेव्हा आणते.

तुझी,
मावशी