माळ्याने मागून घेतलेलं वर्ष

शास्त्रभाग : लूक 13:6-9



प्रियांनो, भिंतीवर नवं कॅलेंडर लागलं आणि त्यासोबत आपले संकल्पही झाले. पहाटे उठून प्रार्थना करायची, वर्षभरात बायबल वाचून काढायचं, राग आवरायचा, तंबाखू सोडायची. मी अशा संकल्पांना नावं ठेवत नाही. पण नवी सुरुवात नेमकी कुठून होते, हे पाहायला मी वर्षाच्या आरंभी लूकमधल्या या चार वचनांकडे येते.

दाखला आपल्याला माहीत आहे. द्राक्षमळ्यात अंजिराचं एक झाड आहे. मालक तीन वर्षं फळ शोधायला येतो आणि रिकाम्या हाताने परत जातो. शेवटी तो म्हणतो, जागा कशाला अडवायची, तोडून टाक. माळी मात्र आणखी एक वर्ष मागतो. मी भोवती खणतो, खत घालतो, मग बघू, असं तो सांगतो.

पहिली गोष्ट, हे वर्ष झाडाची कमाई नाही. दाखल्याच्या आधीची पाच वचनं जरूर वाचा. पिलाताने मारलेले गालीली आणि शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण, यांच्याविषयी तिथे बोलणं चाललं आहे. प्रभू स्पष्ट सांगतो की ते इतरांपेक्षा जास्त पापी नव्हते. म्हणजे जे वाचले तेही जास्त चांगले नव्हते! गेल्या वर्षी आपल्या मंडळीतल्या, घरातल्या काही खुर्च्या रिकाम्या झाल्या. आपण इथवर आलो ते आपल्या पुण्याईने नाही. कोणीतरी आपल्यासाठी वर्ष मागून घेतलं. दाखला माळ्याचं नाव सांगत नाही, पण इब्री 7:25 मध्ये प्रभू आपल्यासाठी मध्यस्थी करायला सदा जिवंत आहे असं वाचलं, की मला तो माळी ओळखीचा वाटतो. आणि झाडाला तर हे बोलणं झाल्याचा पत्ताही नाही.

दुसरी गोष्ट, माळी फळाला नाही, मुळाला हात घालतो. आपल्याकडे पुरंदर तालुका अंजिरासाठी प्रसिद्ध आहे, 2016 मध्ये तिथल्या अंजिराला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथला शेतकरी बहार धरतो तेव्हा आधी झाडाला ताण देतो, छाटणी करतो, आळी उकरतो, शेणखत घालतो आणि मग पाणी सोडतो. फळ त्यानंतर काही महिन्यांनी दिसतं. आपण मात्र एक तारखेला थेट फळ टांगायला जातो! फांदीला दोऱ्याने बांधलेलं अंजीर आठवडाभरात सुकणारच.

खणणं म्हणजे काय? पायाखाली तुडवून घट्ट झालेली जमीन मोकळी करणं. बांधावरून सख्ख्या भावाशी धरलेला अबोला, न मागितलेली क्षमा, कोणालाही न सांगितलेलं कर्ज किंवा व्यसन. तिथे पाणी मुरतच नाही. उपासना होते, गीतं होतात, सगळं वरून वाहून जातं. कुदळ लागली की दुखतं. पण ती माळ्याच्या हातात आहे, तोडणाऱ्याच्या नाही.

तिसरी गोष्ट, खत. जे आपण फेकून देतो, ज्याचा वास येतो, तेच माळी मुळाशी घालतो. गेल्या वर्षीचं अपयश, आजारपण, अपमानही देव वाया जाऊ देत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, ताजं शेण मुळांना पोळतं, ते कुजू द्यावं लागतं. म्हणून ज्याचं दुःख अजून ताजं आहे त्याला, आता नवीन वर्ष लागलं, विसर, असं म्हणू नका. त्याच्याजवळ बसा.

आणि शेवटची गोष्ट, जी आपल्याला आवडत नाही. माळी कायमची मुदत मागत नाही. फळ आलं नाही तर तोडा, हेही तोच म्हणतो. पुढे काय झालं, हे प्रभूने सांगितलंच नाही. दाखला तिथेच थांबतो, कारण उत्तर ऐकणाऱ्याने आपल्या आयुष्याने द्यायचं आहे.

मग आज काय करायचं? दहा संकल्पांऐवजी एकच घट्ट जागा प्रभूला दाखवा. ज्या एका माणसाशी बोलणं बंद आहे, त्याला या आठवड्यात फोन करा. आणि लूकचं शुभवर्तमान रोज एक अध्याय वाचा. 24 अध्याय आहेत, या महिन्यातच होतील. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुढे चला. माळ्याने एक दिवस नाही, अख्खं वर्ष मागितलं आहे.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू माझ्यासाठी मागून घेतलेल्या या वर्षाबद्दल तुझे आभार. माझ्या मुळाशी तुला जे खणायचं आहे ते खण, मी तुझा हात अडवणार नाही. तुला आवडेल असं फळ माझ्यात येऊ दे. तुझ्याच नावात मागते, आमेन.